गाडीखालची भाषा

"हळू ठोका," बाई म्हणाल्या. "हे वर झोपलेत."

गाडीखाली उताणा पडलेल्या मेस्त्रीने हातोडी हवेतच थांबवली. गंजलेल्या गाडीचं काम हळू करायचं, म्हणजे भांडायचं पण शेजारी ऐकू जायला नको, तसलं. पण बाईंचा आवाज इतका कापत होता की त्याने हातोडीच्या तोंडाला फडकं गुंडाळलं.

दुखणं साधं होतं. इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर, म्हणजे सेल्फ, अडकला होता. त्याच्या छोट्या चाकाचे दात इंजिनाच्या मोठ्या चाकात रुतून बसले होते. तो बाहेर निघेपर्यंत इंजिन जागचं हलणार नव्हतं, आणि इंजिन हलेपर्यंत बाई. मागच्या सीटवर त्यांची बॅग भरलेली होती.

"घाईघाईत बटण दाबत राहिलं की होतं असं," मेस्त्री म्हणाला.

बाई वर पाहत म्हणाल्या, "ह्यांनीच केलंय. मी जाऊ नये म्हणून."

"मग बसने जा ना."

"गाडी माझ्या वडिलांची आहे. घर ठेवू देत ह्यांना. गाडी नाही ठेवणार."

मेस्त्रीने फडकं बांधलेल्या हातोडीने सेल्फला बेताने तीन-चार टोले दिले. लगेच वरून, छताच्या फळ्यांवर, काठी आपटल्याचा आवाज आला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी जाऊन जिन्याच्या दाराची कडी पुन्हा चाचपून पाहिली.

"जागे झाले. गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नाही त्यांना. आधी काठी आपटतात. मग उठतात."

"आणि उठल्यावर?"

बाईंनी पाना पुढे केला. त्यांचे तळवे सोललेले होते, लालभडक. मेस्त्रीचीही मुलगी सासरी होती. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात म्हणून त्याने मान पुन्हा गाडीखाली घातली, पण आता त्यालाही भीती वाटू लागली होती. माणूस खाली आला, तर गाडीखाली पडलेल्याला आधी त्याचे पायच दिसणार होते.

"नाहीच निघाला तर दोराने ओढत नेऊ गाडी," तो म्हणाला. भिंतीवर दोर अडकवायचा मोठा हूक होता. रिकामा.

"दोर नाही. होता, पण लागला."

"बरं. मग समोरचं, इंजिन हाताने फिरवायचं हँडल धरा. इंजिन जरा हललं तर दात सुटतील. ठोकाठोकीत इथून बोललेलं हँडलपाशी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही लोक ठोक्यांनी..."

"एक म्हणजे फिरव, दोन म्हणजे थांब," बाई म्हणाल्या. "माहीत आहे. ह्यांना गाड्यांचा भारी नाद. हे खाली, मी हँडलवर. निम्मा संसार ठोक्यांवरच झाला आमचा. तोंडाने काही बोलले असतील तर शपथ!"

मेस्त्रीला हसू आलं. त्याने गाडीखालून डावा हात बाहेर काढून अर्धी करंगळी दाखवली. "मग तीनही ठाऊक असतील. हात अडकलाय, सगळं सोडून धाव. या असल्याच दातांनी खाल्लं बोट. ठोके ऐकणारा जागेवर होता म्हणून बाकीचा हात वाचला."

बाई हसल्या नाहीत.

त्याने ठोका दिला. हँडल कुरकुरलं. दोन ठोके, हँडल थांबलं. तो ठोकत राहिला, आणि प्रत्येक वेळी तो थांबला की वर काठी सुरू व्हायची. पावलं मात्र वाजत नव्हती. मेस्त्रीचा घाम डोळ्यांत उतरला.

"आटपा हो मेस्त्री, पाया पडते तुमच्या."

"आणखी एकदा फिरवा. जोर लावा."

कट् असा आवाज झाला आणि सेल्फ सुटून त्याच्या छातीवर आला. बाई रडायलाच लागल्या.

बाहेर येऊन मेस्त्रीने स्वतः हँडल मारलं. दोनदा नुसताच खोकला. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि सगळं घर हादरलं. वर काठी वेड्यासारखी आपटत होती.

"तुम्हीही लगेच निघा," स्टिअरिंगवर बसता बसता बाई म्हणाल्या. "वर जाऊ नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

"जिवाला जपा, पोरी," मेस्त्री म्हणाला. पोरी हा शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघाला.

गाडी फाटकाबाहेर पडली. त्याला बरं वाटलं. चार लोकांना सांगता यावं असं काम फार दिवसांनी हातून झालं होतं. मग आठवलं की घरात आता तो आणि वरचा माणूस दोघेच उरलेत. त्याने हत्यारं भराभर पिशवीत कोंबली. घाईत पाना निसटला आणि फरशीवर एकदाच खणकन वाजला.

वरून लगेच उत्तर आलं.

मेस्त्री दाराकडे पळाला. उंबऱ्यावर पोचेपर्यंत गाडीची धडधड पार विरून गेली होती, आणि त्या शांततेत काठी पहिल्यांदाच नीट ऐकू आली. तो जागीच थांबला. त्याने आपली अर्धी करंगळी उजव्या मुठीत घट्ट धरली आणि मोजलं.

तीन. थोडं थांबून पुन्हा तीन.