देखाव्यातला धूर

पावलं वाजली तशी केझियाने कोळशाची बादली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. स्टॅनमूर हाउसचा तसा नियमच होता. मालक-मालकीण येताना दिसले की नोकराने पाठ करून उभं राहायचं, ते पुढे जाईपर्यंत. आपल्याच घरात मोलकरणीचं तोंड बघावं लागू नये, एवढी नाजूक माणसं ती.

तिच्यासमोर खरं तर भिंत नव्हती, दार होतं. तेही खोटं. दिवाणखान्याच्या एका बाजूला दार आहे म्हणून दुसऱ्या बाजूलाही हवं, नाहीतर तोल बिघडतो, असं वास्तुकार फॅलोज यांचं म्हणणं. त्यामुळे चौकट, मूठ, कुलपाचं भोक सगळं होतं; मागे नुसत्या विटा. बाहेरचे ग्रीक देवळासारखे उंच खांबही विटांचेच, वरून दगडाच्या रंगाचा गिलावा. सगळ्या परगण्यात या घराची वाहवा चालली होती.

मालकीण लेडी ऑगस्टा आणि फॅलोज खिडकीपाशी येऊन थांबले. पुढे जाईनात. केझिया दाराला नाक लावून उभी.

“आधी हिरवळ, मग तळं, आणि तळ्यापलीकडे आपलं छोटं देऊळ,” फॅलोज म्हणाले. त्या देवळात देव नव्हता, तो बसवायचा बेतही नव्हता. ते लांबून बघायला बांधलं होतं. “मधलं ते गाव उठवल्यापासून कसं मोकळं वाटतंय, बाईसाहेब.”

“मोकळं कुठलं? तो धूर बघा. गुरुवारी ड्यूक येतायत. त्यांना काय दाखवू, कुणाच्या तरी चुलीचा धूर?”

खालच्या गावात आता एकच घर उरलं होतं आणि ती चूल केझियानेच पहाटे धावत जाऊन पेटवली होती. आत तिचे वडील होते, एब्नर. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, छातीत सदा घरघर. टेकडीमागे वसवलेल्या नव्या गावातल्या भिंती अजून ओल्या होत्या. बोट टेकवलं तर पाणी लागायचं. हिवाळा सरेपर्यंत म्हाताऱ्याला हलवणार नाही, असा शब्द मालक सर गॉडफ्रे यांनी सुगीच्या मेजवानीत चारचौघांसमोर दिला होता. त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या.

“त्याची काळजी नको,” फॅलोज म्हणाले. “माणसं मघाशीच खाली गेलीत.”

“पण साहेबांनी त्या म्हाताऱ्याला काहीतरी कबूल केलं होतं ना?”

“ते ड्यूकचं पत्र यायच्या आधी. म्हातारा उठायला तयार नाही म्हणे. गादीसकट उचलून गाडीत घालतील.”

“बिचारा,” लेडी ऑगस्टा म्हणाल्या. “त्याला सूप पाठवायला सांगते. कालचं बरंच उरलंय.”

रोज सकाळी बाईसाहेबांचं रात्रीचं शौचाचं भांडं केझियाच रिकामं करायची, घासायची. त्याची तिला कधी शिसारी आली नव्हती. ती आता आली. मागून येणाऱ्या बाईसाहेबांच्या गुलाबपाण्याच्या वासाने.

खालून लाकूड मोडल्याचा कडकडाट ऐकू आला. मग माणसांचा गलका.

“छप्पर,” फॅलोज खुशीत म्हणाले. “थोडं थांबा, आता तळ्याचा तो कोपरा मोकळा होईल.”

केझिया वळली. सरळ चालत त्या दोघांच्या मधून खिडकीशी गेली आणि काचेला कपाळ लावून उभी राहिली. खाली धूळच धूळ होती. छपराच्या वाशांवर माणसं चढली होती. दाराशी गाडी उभी होती, गाडीत गादी दिसत होती. गादीवर कुणी आहे की नाही, ते धुळीत कळेना.

“माझे वडील आहेत तिथे,” ती म्हणाली.

फॅलोज खाकरले आणि आपल्या बुटांकडे बघू लागले. लेडी ऑगस्टांनी कोळशाच्या वासाने नाकाला रुमाल लावला. त्यांनी मान एकदा डावीकडे झुकवून पाहिली, मग उजवीकडे.

“बाजूला हो, मुली,” त्या आवाज न चढवता म्हणाल्या. “तुझ्यामुळे काही दिसत नाही.”