मनीच्या दाढेतला काटा

अंबाबाईने मनीला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घट्ट धरलं, तेव्हा कुठे ठाकरवाडीच्या पदूला त्या मांजरीच्या जबड्याला हात घालता आला. सून इंदू दिवा धरून बसली होती. अंबाबाईचा नवरा भिवाजी तेवढा भिंतीला टेकून लांब होता. मांजराच्या दातांसाठी वाडीवरून माणूस बोलवायचा, हे त्याला सकाळपासून पटलेलं नव्हतं. मांजर आपोआप बरं होतं, असं तो तीनदा म्हणाला होता.

मनी चार दिवस उपाशी होती. तोंडातून लाळ गळत होती. दुधाच्या वाटीशी यायची, जीभ लावायची आणि किंचाळून मागे सरायची. दुसरं कुठलं मांजर असतं तर कुणी एवढा जीव टाकला नसता. पण ही गजाची मनी. भिवाजीचा हा एकुलता मुलगा दोन वर्षं पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होता. त्याच्या प्रत्येक पत्रात आईबापाच्या खुशालीनंतर मनीची चौकशी असायची आणि इंदूची तिच्या खाली. इंदूला त्याचा राग यायचा. तरी मनीला काही झालं तर पत्रात काय लिहायचं, ही काळजी तिलाच जास्त होती.

पदूला हे काम नवं नव्हतं. रानडुकराच्या मागे धावून दात मोडून घेणारी वाडीवरची कुत्री त्याच्याच हाताखालून जायची. त्याने दोन बोटांनी जबड्याचे कोपरे दाबले. तोंड उघडलं तसा कुजका वास आला. वरच्या दाढांमध्ये काहीतरी आडवं रुतून बसलं होतं. एका दाढेभोवतीची हिरडी काळीनिळी सुजली होती. पदूने पायातले काटे काढायच्या चिमट्याने ते आडवं हळूच ओढलं. त्याच्यामागून हललेली दाढही निघून आली. मनीने त्याचा अंगठा फोडला. मीठ-हळदीच्या पाण्याचा बोळा त्याने हिरडीवर फिरवला आणि मग निघालेली वस्तू तळहातावर घेऊन हुंगली.

"मासळीचा काटा हाय," तो म्हणाला. "सुका बोंबील."

अंबाबाईचे हात सैल पडले. मनी उडी मारून पाटाखाली शिरली.

गजा निघाला त्या दिवशी भिवाजीने गावदेवीपुढे नारळ ठेवून, चार माणसांसमक्ष शब्द दिला होता. पोरगा घरी येईपर्यंत या घरात मासळी शिजणार नाही. दोन वर्षं चुलीवर सुकटसुद्धा चढली नव्हती. तिकडे गोळ्यांच्या पावसात आपला मुलगा उभा आहे तो त्या शब्दावर, असं अंबाबाई लोधिवली गावात सगळ्यांना सांगायची. आणि ते तिला मनापासून खरं वाटायचं.

नीट बघ, असं तिने पदूला विनवलं. पदूने नीट बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. घर गावापासून सुटं, शेताच्या मधोमध होतं. मनी खळ्याच्या पलीकडे कधी जात नसे. म्हणजे बोंबील इथेच कुणीतरी खाल्ला होता. अंबाबाईची नजर सुनेवर गेली. चूल तिच्या हाती. मागच्या आठवड्यात खोपोलीच्या बाजारालाही तीच गेली होती. इंदूने दिवा जमिनीवर टेकवला. तिने मान खाली घातली.

"माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस गं," अंबाबाई हळू आवाजात म्हणाली.

"तिला बोलू नको," भिवाजी म्हणाला. "मी खाल्लाय."

मग त्याने सगळं सांगितलं. चौक गावच्या बाजारातून चार बोंबील मुंडाशात लपवून आणले होते. मागच्या मांडवात निखाऱ्यावर भाजले होते. मनी समोर येऊन बसली, म्हणून काटे तिला टाकले होते. दोन वर्षं तो राहिला होता, त्या दिवशी राहवलं नव्हतं.

अंबाबाईने आरडाओरडा केला नाही. तिने नवऱ्याशी बोलणं सोडलं. रोज पहाटे अनवाणी देवीला जायची आणि परत आल्यावर मुकाट्याने ताट वाढायची. भिवाजीला घास गिळवत नव्हता. दुपारी तो रस्त्यावर जाऊन टपालवाल्याची वाट बघत उभा राहायचा. मांजराकडे ढुंकून न बघणारा हा माणूस आता स्वतः पेज निववून मनीला भरवायला लागला. मनी आठ दिवसांत तरतरीत झाली. इंदू मात्र वाळत चालली होती.

नवव्या दिवशी पत्र आलं. शाळेच्या मास्तरांनी ते ओटीवर बसून वाचलं. लढाई संपली होती. गजा धडधाकट होता आणि महिन्याभरात घरी येणार होता. मनी कशी आहे, असं त्याने विचारलं होतं. अंबाबाई रडली, मग हसली, मग नारळ घेऊन तशीच देवळाकडे निघाली. उंबऱ्याशी थांबून ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जेवून घ्या."

इंदूने ताट वाढलं, पण ती आत गेली नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासऱ्याशी ती अजून एक पुरतं वाक्य बोलली नव्हती. पदर सावरून ती दाराआड उभी राहिली.

"मामंजी, तुमचं उपकार मी जन्मात इसरायची नाय. माज्यापायी तुमी खोटं बोललात. माजं पाप आपल्या अंगावर घेतलात."

भिवाजीचा घास हातातच राहिला. त्याने दाराकडे बघितलं, देवळाच्या वाटेकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं,

"म्हंजी, तू बी?"