पायगुण

सत्त्याण्णव साली हिमायतनगरातल्या एकनाथरावांच्या बियाणे कंपनीत सर्व्हर आला खरा, पण त्यातली एक फाइल उघडेपर्यंत इराणी चहाचे दोन कप रिकामे व्हायचे. दुरुस्तीला आलेला पुण्याचा कौस्तुभ समोर बसला, की मात्र सर्व्हर सुसाट पळायचा. तो उठून गेला, की दहा मिनिटांत पुन्हा ढिम्म.

"तुमचा पायगुण आहे, दुसरं काही नाही!" परेशान झालेले एकनाथराव म्हणाले. "आता इथंच बसायचं बघा."

तिसऱ्या दिवशी कौस्तुभला खुर्चीतच डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा खरी गोम कळली. दहा मिनिटं माउसला हात लागला नाही, की पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे रंगीत मासे पोहायला लागत आणि सर्व्हरची सगळी ताकद त्यांना पोहवण्यातच जाई. मासे बंद केले, की काम फत्ते. तो बंद करणार, तेवढ्यात एकनाथरावांची लेक तेजश्री बगारा बैंगनचा डबा घेऊन आली आणि लाजत म्हणाली, "बाबा विचारत होते, तुमच्याकडे पत्रिका बघतात का?"

 

कौस्तुभनं पडद्यावर आणखी चार मासे सोडले.