सहा जणांचा संघ

"किमान सात जण नसतील तर सामना नाही, ओस्ताप," पंच म्हणाले. "आणि सामना नाही, तर तुमचा क्लब लीगमधून बाद."

ओस्तापच्या मागे पाचच खेळाडू होते. बाकावर बसलेल्या पारास्काला, त्याच्या आईला, मागचा हंगाम आठवला. तेव्हा तिच्या दोन्ही मुलांनी याच फुटबॉलच्या मैदानावर कीवच्या संघाला धूळ चारली होती. मग क्लब पोसणारा साखर कारखाना अचानक बंद पडला आणि खेळाडू पांगले. धाकटा दानिलो आज पाहुण्या संघात होता.

"इकडे ये, निदान पगार तरी मिळेल," तो भावाला म्हणाला.

"मग गावाकडून काय आई खेळेल?"

वेळ संपली. पंचांनी पाहुण्यांना विजयी ठरवलं. जिंकल्यावर आईकडे बघून हात उंचवायची दानिलोची लहानपणापासूनची सवय. हात वर गेला, तेव्हा पारास्का जर्सी काढणाऱ्या ओस्तापकडे बघत होती.