समोरची घंटा

बाप्तिस्म्याच्या अर्थावरून वाद पेटला, तेव्हा फ्राउके नवऱ्यामागोमाग जुन्या चर्चमधून बाहेर पडली. तिचा धाकटा भाऊ वेसेल घंटा वाजवायला तिथेच राहिला. दोघांचं बोलणं तुटलं. फुटलेल्यांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराच्या त्याच गल्लीत, अगदी समोर, नवं चर्च बांधलं. घंटा मात्र बसवली नाही. समोरचीच ऐकून सगळे वेळेवर जमत, पण कबूल कोण करणार? तीस वर्षांत जुन्या चर्चमधली माणसं आटली. शेवटी ते बंद झालं. पुढच्या रविवारी फ्राउके घड्याळाकडे बघत निघाली, तोच घंटा घणघणली. ती तडक जुन्या चर्चमध्ये शिरली. वेसेल निवांत दोर गुंडाळत होता. “इथे आता कोण येतंय? कुणासाठी वाजवतोस?” “तुमच्यासाठी, आणखी कुणासाठी? तुमच्या चर्चला घंटा आहे कुठे, ताई?” तिने पर्समधली, उपदेश ऐकताना चघळायची पेपरमिंटची गोळी त्याच्या हातावर ठेवली. “चल. आमचे पाळक उपदेशाची फार लांबण लावतात.”