राहण्याचा पत्ता

आरतीवहिनी लंकाबाईची विटकी साडी नेसून चुलीपुढं बसल्या. मांडीवर सहा वर्षांची संस्कृती.

"आज ही खोली आमची. तू इथं नुसती कामाला येतेस, एवढंच सांगायचं," काकासाहेबांनी लंकाबाईला बजावलं आणि ते सुनेच्या, नातीच्या पुढं दाराशी उभे राहिले.

पत्र्याची ती खोली देवळालीच्या शिवारात, काकासाहेबांच्या उसाच्या कडेला होती. आठ वर्षं लंकाबाई तिथं राहून त्यांचा गोठा सांभाळत होती. इंग्लिश मीडियमच्या शाळेत गरिबांच्या पोरांसाठी काही मोफत जागा होत्या. बंगल्यातल्या पोरीला त्यातली एकही मिळाली नसती. म्हणून संस्कृतीच्या अर्जावर पत्ता या खोलीचा पडला होता. आज त्याची पडताळणी.

लंकाबाईनं आपली नात सुकन्या सकाळीच गोठ्यामागं नेऊन बसवली. मुलगा-सून ऊसतोडीला सहा-सहा महिने परमुलखात, म्हणून पोरगी आजीपाशी. अंगणवाडीच्या बाईंनी तिचाही अर्ज भरला होता, पण नंबर थोडक्यात हुकला. पंधरा दिवस लंकाबाई देवाला एकच मागत होती, कुणाचं तरी नाव गळू दे.

पडताळणीचे साहेब आले. कागद काढून बसले. तेवढ्यात संस्कृती कंटाळून म्हणाली, "मम्मी, आपण घरी कधी जायचं?"

आरतीवहिनींनी तिचं तोंड दाबलं. साहेबांचा हात थांबला. त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचली.

"या एका खोलीच्या पत्त्यावर दोन अर्ज आहेत. एक खोटा असणार. हा बाद झाला तर जागा दुसऱ्या मुलीला, ती प्रतीक्षा यादीत पहिलीच आहे." ते लंकाबाईकडं वळले. "आजी, खरं सांगा. सुकन्या नावाची मुलगी इथं राहते का?"

एक 'व्हय' म्हटलं की झालं. शब्द ओठांपर्यंत आलाही.

काकासाहेब नुसते खाकरले.

'व्हय' म्हटलं, तर दिवस मावळायच्या आत बोचकं बांधावर पडणार होतं. जागा मिळायला पत्ता लागतो, आणि पत्ता तर मालकाचा. पोरीला घेऊन जायचं कुठं?

"न्हाई सायेब," लंकाबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "त्या नावाची पोरगी हितं कुनी ऱ्हात न्हाई."