डावी बाजू मुकी

“डावी बाजू अजून मुकीच आहे,” रघुवीर सर म्हणाले.

आमोदने हातातला स्क्रूड्रायव्हर सतरंजीवर ठेवला. पोलादपूरहून महाडला, या एकाच घरी, ही त्याची तिसरी खेप होती. दिवाळीच्या आधी त्याने सरांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज घुमवणारी खोकी, जोडून दिले होते. अ‍ॅम्प्लिफायरची वायर आधी सबवूफरच्या खोक्यात शिरायची आणि तिथून वर ठेवलेल्या स्पीकरला जायची. डावीकडे एक जोडी, उजवीकडे एक. काम साधं होतं. आमोदने ते झोपेतही केलं असतं. पण सर म्हणत होते, खोकी आली आणि डावा आवाज गेला.

सर हे घरातच म्हणत बसले असते तर आमोदने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. सर ते वाचनालयात म्हणाले, न्हाव्याकडे म्हणाले, भाजी घेता घेताही म्हणाले. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाचा शब्द गावात कोण खाली पडू देणार? महाडच्या दोघांनी आमोदला सांगितलेलं काम दुसऱ्याला दिलं. पोलादपूरच्या स्टँडसमोर दुकान टाकून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आपलं काम चोख आहे हे आज दाखवूनच परतायचं, असं ठरवून तो एसटीत बसला होता.

“बाराला लाइट जातील,” सरांच्या पत्नी अंबिकाकाकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “काय ते आधी उरका.”

“उरकतोय,” सर म्हणाले. “आमोद, शाळेत काय शिकवलं होतं?”

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सर.”

“आणि बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. कर सुरू.”

सरांनी दोन्ही स्पीकरांच्या बरोबर समोर, मध्यावर खुर्ची टाकली आणि डोळे मिटले. आमोदने डावीकडची वायर बदलली. तबल्याची सीडी लावली. डग्गा असा घुमला की खिडकीची काच थरथरली.

“डावी मुकी.”

मग आमोदने अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. डावीची उजवीला, उजवीची डावीला. दोष मशिनीत असता तर आता उजवीकडे जायला हवा होता.

“डावीच.”

राहता राहिली खोकी. डावीकडची त्याने उचलून उजवीकडे नेली, उजवीकडची डावीकडे आणली. वरचे स्पीकरही इकडचे तिकडे केले. घामाने शर्ट पाठीला चिकटला. पुन्हा डग्गा घुमला. त्याने स्वतः वाकून दोन्हीकडे कान लावला. दोन्ही बाजू सारख्याच बोलत होत्या.

“डावीच रे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा उतरला होता.

आमोद तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. वायर बदलून झाली होती, जोडणी बदलून झाली होती, खोकी आणि स्पीकर बदलून झाले होते. फक्त एकच गोष्ट बदलली नव्हती, आणि ती डोळे मिटून खुर्चीत बसली होती. त्याने वर पाहिलं. अंबिकाकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी अगदी हळू, नकारार्थी मान हलवली.

“मग? उरलं काय?” सरांनी विचारलं.

आमोदला हवा होता तो पुरावा त्याच्या हातात होता. एक वाक्य बोललं की झालं, त्याचं नाव स्वच्छ. पण दहावीत विज्ञानात नापास झाल्यावर याच सरांनी दर रविवारी त्याला समोर बसवून रेडिओ खोलायला शिकवलं होतं. त्याला सरांची दया आली आणि दया आली याची लाजही वाटली.

“खोली, सर,” तो म्हणाला. “डाव्या हाताला खिडकी आहे. आवाज बाहेर निघून जातो. मी आधी खोली बघायला हवी होती. माझंच चुकलं. खोकी मी परत नेतो, आणि कुणी विचारलं तर खुशाल सांगा, आमोदने काम बिघडवलं.”

“असं?”

सर उठले. त्यांनी खुर्ची उचलली, पाठ स्पीकरांकडे करून ठेवली आणि तिच्यावर बसले. आता खिडकी त्यांच्या उजव्या हाताला आली.

“लाव पुन्हा.”

आमोदचा हात उचलेना. शेवटी काकूच पुढे आल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

सर बराच वेळ ऐकत राहिले. “खिडकीकडची बाजू आता खणखणीत वाजतेय,” ते म्हणाले. “मुकी आहे ती दाराकडची. म्हणजे पुन्हा माझी डावीच.”

सर पाठमोरेच बोलत राहिले.

“पद्धत बरोबर होती, आमोद. उत्तर तू मुद्दाम चुकवलंस.” त्यांनी हात वर करून सीडी बंद करायची खूण केली. “खोकी इथेच राहतील. तुझं काम चोख आहे, हे उद्या वाचनालयात मी स्वतः सांगेन. कानाचंही सांगेन.”

आमोद हेच ऐकायला आला होता. आता त्याला ते ऐकवेना. तो खाली मान घालून वायरीचे तुकडे गोळा करू लागला.

सर खुर्चीत वळले आणि बायकोकडे पाहू लागले. जणू फार दिवसांनी पाहत होते.

“म्हणून दिवाळीपासून तू बाजारात जाताना माझ्या उजव्या हाताला चालतेस होय?” ते म्हणाले. “आणि मी रोज तुझ्यावर ओरडायचो, गाड्यांच्या बाजूने का चालतेस म्हणून.”